छापा आपला

वाटलेली लग्नपत्रिका परत मागायची नसते. मला हे कुणी शिकवलं नव्हतं, कारण असा शहाणपणा कुणी करतच नाही. मी केला. भर मे महिन्यात, डोक्यावर ऊन घेऊन, स्कूटीच्या मागे बापाला बसवून.

सकाळीच मी सुट्टी टाकून वर्धा जिल्ह्यातल्या जाम गावी, घरी आले होते. रविवारी माझं लग्न. नायब तहसीलदार म्हणून निवड झाली असली तरी नोकरी अजून पक्की नव्हती. सरकारी भाषेत मी ‘परिविक्षाधीन’, आईच्या भाषेत ‘कच्ची’. कच्च्या माणसाला घरी पाठवायला सरकारला फार मोठं कारण लागत नाही, आणि ते कारण माझ्या बापानं सोनेरी शाईत छापून ठेवलं होतं.

पत्रिका पांढरीशुभ्र. लोकांच्या पत्रिकेवर जिथं गणपती असतो आणि आमच्यात बुद्धाचं चित्र असतं, तिथं, सगळ्यात वर, अशोकस्तंभ. चार सिंह, त्यातले दिसणारे तीन. पायाशी चक्र, बैल, घोडा. खाली ‘सत्यमेव जयते’. त्याखाली ‘आयुष्मती नंदिनी’ आणि कंसात, जरा मोठ्याच अक्षरात, ‘नायब तहसीलदार’. नवऱ्या मुलाचं, प्रफुल्लचं, नाव त्यामानानं बारीक. एखाद्याला वाटावं, तहसील कार्यालयानंच लग्न काढलंय.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून समोर उभे होते. शाबासकीची वाट पाहत.

“कशी हाये?”

“हे कोणं छापाले सांगतलं?”

“मीनंच. चंदन नाई म्हणत होता. म्या म्हटलं, तू छाप, मी पाह्यतो.”

“बाबा, हे सरकारचं चिन्ह हाये. खाजगीत वापरता येत नाई. गुन्हा हाये. दोन वर्षं आत टाकू शकतेत.”

“कोणाले?”

“तुमाले. अन् मले घरी बसवतेत.”

बाबा हसले. माझे बाबा, नत्थू कंडक्टर, एसटीत सगळी नोकरी घंटी वाजवण्यात गेली, आणि आजवर एकदाही ‘माझी चूक झाली’ असं म्हणालेले मी ऐकलेले नाहीत. त्यांनी खिशातून एक नाणं काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

“हे कोण बसलं हाये ह्याच्यावर? नोटेवर कोण हाये? वर्ध्यात दारूबंदी हाये, तरी दारूवाल्याच्या गल्ल्यात हेच सिंह बसतेत ना? त्याले चालते. मंग माया पोरीच्या पत्रिकेवरच काऊन नाई चालत?”

“ते पैसे सरकार छापते.”

“अन् सरकारनं आणले कुठून? सारनाथहून. सारनाथात पयलं प्रवचन कोणाचं? घोडा कोणाचा? कंथकाचा. सिद्धार्थाले घरातून बाहेर नेलतं त्यानं. चाक कोणाचं? धम्माचं. बैल...” बैलाशी ते जरा अडखळले. “बैल आपल्या आज्याचा समज. पण बाकी समदं आपल्याच घरचं हाये.”

मी परीक्षेसाठी हेच पाठ केलं होतं. बैल उजवीकडे, घोडा डावीकडे, खालचं कमळ घेतलेलं नाही. प्रश्न एका मार्काचा. घोडा कुणाचा, असं आयोगानं विचारलं नव्हतं. त्यावर अभ्यासकांतही दहा तोंडं दहा मतं आहेत, पण बाबांना मतं चालत नाहीत. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या गाडीत बसायची, तेव्हा शेवटच्या फेरीला ते नाणं उडवायचे आणि म्हणायचे, छापा आपला, काटा सरकारचा. छाप्यावर सिंह असतात, म्हणून मला कधी काटा मागूच दिला नाही.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण मधे रजत होता.

रजत हा आमच्या तालुक्यातला स्वयंघोषित जिल्हाध्यक्ष. कसल्याशा भ्रष्टाचार निवारण संघटनेचा. त्याच्या गाडीच्या पुढच्या काचेवर आणि नंबरप्लेटवर लाल पट्टी आणि तिच्यावर हाच अशोकस्तंभ. मार्चमध्ये हायवेवर आमच्या पथकानं ती गाडी अडवली आणि पट्टी मी माझ्या हातानं खरवडून काढली. तो ओरडायला लागला तेव्हा मी चारचौघांत विचारलं, “ही मुद्रा काय तुमच्या घरची आहे का?” कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं. सगळ्या तालुक्यानं पाहिलं, कारण ते सगळ्या तालुक्याला पाठवण्याचं काम माझ्या बापानंच केलं होतं.

तो माणूस तेव्हापासून माझ्या मागावर होता. आणि बाबांनी काल सकाळी पत्रिकेचा फोटो मोबाइलवर स्टेटसला ठेवला होता.

“काढा तो आधी,” मी म्हटलं. “अन् सांगा, कोणाकोणाले पत्रिका देल्या? आत्ता परत आणाच्या.”

“परत?” आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. “पत्रिका परत मागतेत का कोणी? लोकं काय म्हणतीन?”

“लोकं काहीबी म्हणू दे. तो रजत काय म्हणते ते महत्त्वाचं हाये.”

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी टोपी घातली. त्यांचं तोंड उतरलं होतं, पण ते चूक झाली म्हणाले नाहीत. “चाल,” एवढंच म्हणाले.

पहिलं घर तानबाकाकांचं, आमच्या गल्लीच्या तोंडाशी. त्यांनी पत्रिका फ्रिजवर उभी करून ठेवली होती. मी म्हटलं, काका, छपाईत चूक झाली, पत्रिका द्या, दुसरी आणून देते. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग आवाज उतरवून विचारलं, “पोरगं नाई म्हणून राह्यलं का?”

“नाई हो काका. छपाईची चूक हाये.”

“कोणती चूक? म्या तर पुरी वाचली. एक काना नाई चुकला.”

पत्रिका त्यांनी दिली नाही. उलट, “नत्थू, काई लागलं त सांगजो, आपण चार जणं जाऊन समजावू त्यायले,” असं म्हणून बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. बाबांना तो हात झटकताही येईना.

दुसऱ्या घरी काकूंच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिसऱ्या घरी मी हुशारी केली. म्हटलं, पत्रिका राहू द्या, फक्त वरचा तुकडा कापून घेते. कात्री मी पर्समध्ये घेऊनच निघाले होते. घरातली म्हातारी खाटेवरून ताडकन उठली. “मौतीचं पत्र करते का व लग्नाचं? कागदाचा कोपरा फाडला की मयत झाली म्हणतेत, तू त डोस्कंच छाटाले निंगाली!” आणि पत्रिका तिनं लुगड्याच्या पदराखाली घातली.

मी बाहेर आले, कात्री पर्समध्ये टाकली आणि स्वतःलाच दोन शिव्या दिल्या. बाबा गल्लीत उभे राहून पायातली चप्पल उगाच झटकत होते.

“सांगतलं होतं तुया मायनं,” ते म्हणाले.

“तुमी काई बोलूच नका.”

घाईला अक्कल नसते म्हणतात ते खरं आहे. आम्ही एक तासभर हिंडलो. हाती एक पत्रिका आली नाही, पण एक गोष्ट मात्र सगळीकडे पोचली. कारण मग रोहणा गावच्या सुलोचनाआत्याचा फोन आला. हे लग्न तिनंच जुळवलेलं. फोन उचलला तर आधी नुसतं रडणं.

“आत्या, काय झालं?”

“मलेच विचारते काय झालं? लग्न मोडलं म्हणते तानबा!”

तिला समजावेपर्यंत दुसरा फोन वाजायला लागला. प्रफुल्ल. वर्ध्याला बँकेत असतो, फार बोलत नाही, आणि कधी घाबरलेला मी पाहिला नव्हता.

“नंदिनी, एक विचारू? रविवारी आपलं लग्न आहे ना?”

“आहे.”

“नक्की? आईला आत्याबाईंचा फोन आला. आई जेवली नाही अजून.”

त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मी पत्रिका पाहिली तेव्हा मला वाटलं, तुला परवानगी असेल.” मला वाटलं, फोन हायवेवर एखाद्या ट्रकखाली फेकून द्यावा. या माणसाशी मी रविवारी लग्न करणार होते आणि त्याला वाटलं होतं, नायब तहसीलदाराला सिंह फुकट मिळतात.

पाठीशी उन्हाच्या झळा, पुढं रस्ता. थांबावंसं वाटत नव्हतं आणि कुठं जायचं तेही धड कळत नव्हतं. बाबा म्हणाले, गिरडले कैलासजवळ एक हाये, ती त आणू. कैलास त्यांचा जुना मित्र, गिरडच्या टेकडीखाली त्याचं फुलांचं आणि चादरींचं दुकान. वर दर्ग्यात जाणारं माणूस आधी त्याच्याकडे थांबतं. म्हणजे जिल्हाभरची माणसं.

दुकानाशी पोचलो आणि माझं उरलंसुरलं अवसान गेलं. कैलासकाकांनी पत्रिका दर्शनी भिंतीवर, गुलाबांच्या टोपल्यांवर, टाचून ठेवली होती. सिंह लांबून चमकत होते.

“ये ये, तहसीलदार!” काका ओरडले. “पाह्य, येणाऱ्या-जाणाऱ्याले दाखवतो मी. म्हणतो, ही आपली पोरगी हाये.”

मी पत्रिका मागितली. त्यांनी सरळ नाही म्हटलं.

“तुया बापानं मायासंगं काय केलतं, ठाव हाये का? माया लग्नाच्या वरातीले एसटी. कंडक्टर हा. मी नवरदेव, डोस्क्यावर बाशिंग. अन् ह्यानं मले तिकीट फाडलं! म्हणे, बिना तिकीट मी माया बापाले बी नेत नाई. आता मी त्याची पत्रिका परत देऊ? नाई देत, जा.”

घराबाहेर पडल्यापासून बाबा पहिल्यांदाच हसले. ही गोष्ट त्यांना फार आवडते. माझ्या मामालाही त्यांनी एकदा सेलूजवळ खाली उतरवलं होतं, त्याचा मामाला अजून राग आहे.

तेवढ्यात माझा फोन वाजला. ऑफिसातल्या तहसीलदार साहेबांचा. वर दर्ग्याकडे कव्वालीचा भोंगा सुरू होता, काही ऐकू येईना, म्हणून मी आवाज मोठा करून फोन गल्ल्यावर ठेवला. तोही मूर्खपणाच, पण त्या दिवशी एकात एक भर पडत होती.

“नंदिनी मॅडम, एक फोटो आलाय माझ्याकडे. तक्रारीसकट. तक्रारदार कोण ते तुम्हाला कळलं असेल.”

“हो सर.”

“तुम्ही छापली ही पत्रिका?”

“नाही सर. वडिलांनी.”

साहेबांनी उसासा सोडला. माणूस चांगला आहे. “हे बघा, परिविक्षेत आहात तुम्ही. मी हे वर पाठवलं तर कुठं जाऊन थांबेल, मला सांगता येत नाही. म्हणून रस्ता सुचवतो. वडील अडाणी आहेत, त्यांना या चिन्हाचा अर्थ माहीत नव्हता, दिसायला बरं वाटलं म्हणून छापलं, असं लिहून द्या. मी समज देऊन प्रकरण इथंच मिटवतो. दोन ओळी. बस.”

दोन ओळी. खरं सांगते, ‘हो सर’ माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. त्या नोकरीसाठी मी किती वर्षं दुसऱ्यांच्या लग्नांना गेले नव्हते, ते मला माहीत आहे. दोन ओळींनी ती वाचत होती. मी बाबांकडे पाहू नये म्हणून गुलाबांकडे पाहत राहिले.

मी काही बोलायच्या आत बाबांनी फोन उचलला.

“साहेब, जय भीम. मी नत्थू, पोरीचा बाप. तुमी बोलता ते बराबर हाये. अडाणी माणूस आहो मी. ते चित्र मले चांगलं दिसलं, म्हणून छापाले सांगतलं. कोणाचा सिंह, कोणाचा घोडा, आमाले काय समजते त्यातलं? माई चूक झाली. पोरीले काई ठाव नव्हतं.”

हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तपासणीस गाडीत चढले तरी बाबा सीटवरून न उठता बोलायचे. आणि आता ते फोनपुढं किंचित वाकले होते, टोपी काढून हातात घेतली होती, जणू साहेब समोरच उभे होते. कैलासकाका तोंड वळवून हारांवर पाणी शिंपडायला लागले, हार ओलेच होते.

मला राग आला. साहेबांचा नाही, रजतचाही नाही. ज्या माणसानं मी सहा वर्षांची असताना मला कंथकाची गोष्ट सांगितली, चौथीत असताना साठवलेल्या पैशांतून सारनाथला नेलं, संग्रहालयात सिंहांसमोर मला खांद्यावर घेऊन सांगितलं, नीट पाहून घे, हे आपलं हाये, तो माणूस आज ‘आमाले काय समजते’ म्हणत होता. माझ्यासाठी. ते मला सहन झालं नाही.

मी फोन त्यांच्या हातातून ओढून घेतला.

“सर, ते खोटं बोलतायत.”

“काय?”

“माझे वडील अडाणी नाहीत. त्यांना कायदा माहीत नव्हता, ही चूक आहे. पण चिन्हाचा अर्थ त्यांना माहीत होता. अर्थ माहीत होता म्हणूनच त्यांनी ते छापलं. त्यांना ते आपलं वाटतं.”

“नंदे,” बाबा मागून माझी बाही ओढत होते, “पोरी, चूप राह्य.”

वर कव्वाली चालूच होती.

“हे तुम्ही लेखी द्याल, मॅडम?” साहेबांनी विचारलं.

“हो सर.”

“मग मला ते वर पाठवावं लागेल. पुढचं मी सांगू शकत नाही.” मग थोड्या मऊ आवाजात म्हणाले, “पत्रिकांवरचं चिन्ह आधी झाका. आजच. आणि लग्नाला मी येणार होतो, येईन.”

मी फोन ठेवला. बाबा माझ्यावर असे भडकले की कैलासकाकांना मधे पडावं लागलं. हातात आलेलं घालवलं, बापाचं ऐकाले काय झालतं, शिकून शिकून बी येडीच राह्यली! मीही ओरडले. फुलं घ्यायला आलेली माणसं थांबून ऐकत होती. शेवटी काकांनीच दोघांच्या हातात पाण्याचे गिलास दिले आणि भिंतीवरची पत्रिका काढून न बोलता बाबांच्या पुढ्यात ठेवली.

झाकायचं कशानं, हा प्रश्न होता. परतताना आम्ही जामच्या चौकात चंदनच्या छपाईच्या दुकानात थांबलो. दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीवर जाणाऱ्या गाड्या इथं चहाला थांबतात, तेव्हा तो गाडीवर लावायची गोल स्टिकरं विकतो. त्यातला उरलेला गठ्ठा त्यानं टेबलावर टाकला. निळं धम्मचक्र. मी आधी आरे मोजले. आठ. झेंड्यावरचं चोवीस आऱ्यांचं असतं तर अजून एक खुलासा लिहावा लागला असता.

बाबांनी एक स्टिकर सोलून कैलासकाकांच्या पत्रिकेवर बसवलं. सिंह, बैल, घोडा, सगळं त्याखाली गेलं. खाली ‘सत्यमेव जयते’ तेवढं उरलं. बाबा पत्रिका लांब धरून पाहत राहिले.

“तिथं सारनाथले सिंहांच्या डोस्क्यावर चाक होतं,” ते म्हणाले. “फुटलं होतं. तुकडे ठेवले होते, आठवते का?”

“आठवते.”

“आता बसलं.”

ते फारसं आनंदानं म्हणाले नाहीत. मलाही त्यात आनंद वाटला नाही. मग आम्ही पुन्हा तीच घरं धरली. आता पत्रिका परत मागत नव्हतो, फक्त चाक लावायचंय म्हणत होतो, तर लोक हसून पुढं करत होते. तानबाकाका म्हणाले, आधीच लावाचं ना, उगाच आमच्या जिवाले घोर. खाटेवरच्या म्हातारीनं मात्र माझे दोन्ही हात उघडायला लावून कात्री नाही ना, ते पाहून घेतलं.

ऊन कलल्यावर आम्ही शेवटच्या घराकडे निघालो. बाबा मागं बसले होते. उरलेली स्टिकरं त्यांनी तिकिटांच्या गठ्ठ्यासारखी मुठीत धरली होती. मी विचारणार नव्हते, पण विचारलं.

“काऊन म्हटलं तुमी स्वतःले अडाणी?”

एक ट्रक गेला, दुसरा गेला.

“तुयं तिकीट राह्यलं पाह्यजे ना,” बाबा म्हणाले. “मी काय, मी बिना तिकीट बी जाईन.”

मला गाडी बाजूला घ्यावी लागली. रडू असं आलं की समोरचं दिसेना. बाबा उतरले, खिशातला रुमाल काढून उभे राहिले, द्यावा की न द्यावा या विचारात. मी तो ओढून घेतला, नाक पुसलं आणि गाडी पुन्हा सुरू केली.

“बसा,” मी म्हटलं. “बिना तिकीट मी कोणाले नेत नाई. तुमचीच पोरगी आहो.”